मेजर २४० एका मशीनवर चालतो, दुसऱ्यावर अडतो: डिव्हाइस फायलींचे क्रमांक कर्नेल कसे ओळखतो आणि कसे वाटतो

आधी प्रश्न थोडक्यात. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने लिनक्सच्या कर्नेलसाठी, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यासाठी, छोटा कॅरॅक्टर ड्रायव्हर लिहिला, म्हणजे बाइटच्या ओघाने चालणारं डिव्हाइस सांभाळणारा कोड. पुस्तकात दिल्याप्रमाणे मेजर क्रमांक, म्हणजे कर्नेल ड्रायव्हरला ज्यावरून ओळखतो तो आकडा, २४० घातला. स्वतःच्या लॅपटॉपवर मोड्यूल (चालू कर्नेलला जोडायचा तुकडा) लोड झालं, डिव्हाइस फाईल बनवणाऱ्या ‘एमकेनॉड’ आज्ञेने /डेव्ह मध्ये फाईल केली, वाचणं-लिहिणं सगळं चाललं. कॉलेजच्या लॅबमध्ये तेच मोड्यूल ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ म्हणून अडलं. त्यावरून तो विचारतो की हे आकडे कोण ठरवतं, कर्नेल फाईलचं नाव बघतो की आकडा, आणि आकडा बघत असेल तर तो सगळ्या मशीनवर सारखा का नसतो.

लॅबच्या मशीनवर २४० आधीच कुणीतरी घेतलेला आहे. कुणी, ते ‘कॅट /प्रॉक/डिव्हायसेस’ केलं की लगेच दिसेल. पुस्तक चुकीचं नाही. कर्नेलसोबत येणाऱ्या यादीत पूर्वी २४० ते २५४ हे कॅरॅक्टर मेजर स्थानिक आणि प्रायोगिक वापरासाठी म्हणूनच नोंदलेले होते. पण ज्या ड्रायव्हरला स्वतःचा ठरलेला क्रमांक नाही आणि जो ‘कुठलाही मोकळा द्या’ म्हणतो, त्याच्यासाठी कर्नेल २५४ पासून खाली उतरत २३४ पर्यंत जागा शोधतो. म्हणजे एकाच पट्ट्यावर दोघांचा हक्क. लॅबच्या मशीनवर असे ड्रायव्हर जास्त लोड झाले, ते उतरत उतरत २४० पर्यंत पोचले, आणि तुमचं मोड्यूल आलं तेव्हा जागा भरलेली होती. लॅपटॉपवर ती योगायोगाने मोकळी होती.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं नीट कळली नाहीत तर हीच अडचण पुढे वेगळ्या वेशात भेटते, आणि तेव्हा ती मोड्यूल न चढण्यापेक्षा बरीच महागात पडते. म्हणून सविस्तर लिहितो.

गावाकडे शेताला नाव असतं. माळाचं, विहिरीचं, ओढ्याकाठचं. बोलताना आपण तेच वापरतो. तलाठ्याच्या दप्तरात मात्र गट नंबर आणि पोटहिस्सा चालतो, सातबाऱ्यावर तोच असतो. कर्नेलचं दप्तर असंच चालतं. /डेव्ह/एसडीए, /डेव्ह/नल ही नावं माणसांच्या बोलण्यातली. दप्तरात तीन गोष्टी असतात: डिव्हाइस कॅरॅक्टर आहे की ब्लॉक (डिस्कसारखं, ठरावीक आकाराच्या तुकड्यांत चालणारं), त्याचा मेजर क्रमांक आणि मायनर क्रमांक. ढोबळमानाने मेजर म्हणजे गट, तो कुठल्या ड्रायव्हरकडे जायचं ते सांगतो. मायनर म्हणजे पोटहिस्सा, त्या ड्रायव्हरच्या ताब्यातलं नेमकं कुठलं ते सांगतो. आणि एकत्रीकरणात जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले तेव्हा जुनी कागदपत्रं घेऊन बसलेल्यांना जे सोसावं लागलं, तेही या गोष्टीत पुढे येणार आहे.

‘एलएस -एल /डेव्ह/नल’ करून बघा. ओळीचं पहिलं अक्षर ‘सी’ आहे, म्हणजे कॅरॅक्टर. साध्या फाईलच्या ओळीत जिथे बाइटमधला आकार असतो, तिथे ‘१, ३’ लिहिलेलं आहे. हा मेजर एक, मायनर तीन. आकार नाही, कारण या फाईलच्या पोटात काही नाही. साध्या फाईलच्या आयनोडमध्ये, म्हणजे फाईल सिस्टिममधल्या तिच्या नोंदीत, तिची माहिती डिस्कवरच्या कुठल्या ब्लॉकमध्ये आहे ते लिहिलेलं असतं. डिव्हाइस फाईलच्या आयनोडमध्ये त्याच जागी हा क्रमांक लिहिलेला असतो. ती फाईल म्हणजे एक चिठ्ठी आहे, आणि चिठ्ठीवर इतकंच आहे.

हे हाताने करून बघितल्याशिवाय पटत नाही. रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, होऊन ‘एमकेनॉड /रूट/विहीर सी १ ३’ अशी आज्ञा द्या. मग ‘इको नमस्कार > /रूट/विहीर’. लिहिलेलं गायब. ‘कॅट /रूट/विहीर’ केलं तर लगेच शेवट. तुम्ही दुसरा /डेव्ह/नल तयार केला आहे. नाव विहीर, जागा /रूट, तरी कर्नेलला दोघांत काडीचाही फरक दिसत नाही. आता विहीर पुसून टाका. /डेव्ह/नलला काही होत नाही, ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. चिठ्ठी फाडली म्हणून शेत जात नाही.

हाच प्रयोग /टीएमपी मध्ये केलात तर बऱ्याच मशीनवर फाईल तयार होईल, पण उघडताना ‘परमिशन डिनाइड’ येईल, रूट असलात तरी. घाबरू नका. तिथे /टीएमपी ‘नोडेव्ह’ पर्यायाने माउंट केलेली, म्हणजे जोडलेली, असते. त्या फाईल सिस्टिमवरच्या डिव्हाइस चिठ्ठ्या कर्नेल मानायला नकार देतो. हा पर्याय का लागतो, तेही या प्रयोगातच आहे. परवानग्या चिठ्ठीला असतात, डिव्हाइसला नाही. कुणी ‘बी ८ ०’ अशी चिठ्ठी सर्वांना वाचता-लिहिता येईल अशा परवानगीने ठेवली, तर त्या वाटेने पूर्ण पहिली डिस्क उघडी. /डेव्ह/एसडीएवर कितीही कडक पहारा असो, उपयोग नाही. म्हणून ‘एमकेनॉड’ला खास अधिकार लागतो, आणि पेन ड्राइव्हसारख्या बाहेरून आलेल्या फाईल सिस्टिम नोडेव्हने माउंट करायची पद्धत आहे.

आणखी एक: ‘एमकेनॉड /रूट/हवा सी १९९ ७’. १९९ ला तुमच्या मशीनवर कुठलाही ड्रायव्हर नसेल तरी फाईल बिनबोभाट तयार होते. फाईल बनवताना कर्नेल तपासत नाही, उघडताना तपासतो. उघडायला गेलात की ‘नो सच डिव्हाइस ऑर ॲड्रेस’. ‘नो सच फाईल’ नाही हे लक्षात घ्या. फाईल सापडली, चिठ्ठी वाचली, त्या पत्त्यावर कुणी राहत नाही, असा त्याचा अर्थ. हे दोन संदेश वेगळे ओळखता आले की डिव्हाइसच्या तक्रारींचा निम्मा गुंता तिथेच सुटतो.

उघडताना आत काय होतं? ओपन केलं की कर्नेल नावाच्या वाटेने चालत आयनोडपर्यंत येतो. इथपर्यंतच नावाचं काम. आयनोड कॅरॅक्टर डिव्हाइसचा निघाला की एक सामान्य ओपन फंक्शन पुढे येतं. ते क्रमांक घेऊन कर्नेलच्या नोंदवहीत शोधतं. या नोंदवहीला २५५ खण आहेत. मेजरला २५५ ने भागून जी बाकी उरेल तो खण उघडायचा आणि त्यातल्या यादीत आपला क्रमांक कुणाच्या पट्ट्यात बसतो ते बघायचं. दोन पट्टे बसत असतील तर अरुंद पट्टा जिंकतो. ड्रायव्हर सापडला की उघडलेल्या फाईलची सूत्रं त्याच्या हातात जातात, आणि त्यानंतरचं प्रत्येक वाचन-लेखन थेट त्याच्याकडे. आयनोडमध्ये ड्रायव्हरचा पत्ता टिपून ठेवला जातो, त्यामुळे पुढच्या वेळी हा शोध घ्यावा लागत नाही. नोंदवहीत कुणीच सापडलं नाही तर कर्नेल हार मानण्यापूर्वी ‘चार-मेजर-१९९-७’ आणि मग ‘चार-मेजर-१९९’ अशा टोपणनावाचं मोड्यूल लोड करायला सांगून बघतो. त्यातूनही काही आलं नाही तर वरचा संदेश.

मायनरचा अर्थ लावायच्या भानगडीत कर्नेलचा हा मधला भाग पडत नाही. तो ड्रायव्हरचा खासगी मामला आहे. मेजर १ घ्या: ३ म्हणजे नल, ५ म्हणजे झीरो, ७ म्हणजे फुल, ८ आणि ९ म्हणजे रँडम आणि यूरँडम. एकाच ड्रायव्हरची पाच अगदी वेगळी वागणारी दारं. मेजर ४ मध्ये ० ते ६३ आभासी कन्सोल आणि ६४ पासून सीरियल पोर्ट, म्हणून टीटीवायएस० चा क्रमांक ४, ६४ असतो. कॅरॅक्टर आणि ब्लॉक यांची दप्तरं वेगळी आहेत, हेही इथेच सांगतो. कॅरॅक्टर ९ म्हणजे टेप ड्राइव्ह, ब्लॉक ९ म्हणजे सॉफ्टवेअर रेड. नुसतं ‘मेजर नऊ’ म्हणणं म्हणजे तालुका न सांगता गट नंबर सांगणं.

डिस्कचा हिशेब जरा बारकाईने बघण्यासारखा आहे, कारण बऱ्याच जुन्या मर्यादा त्यात गोठलेल्या आहेत. एसडीए, एसडीबी अशा डिस्क सांभाळणाऱ्या एसडी ड्रायव्हरने ठरवलं की प्रत्येक डिस्कला १६ मायनर: पहिला पूर्ण डिस्कचा, उरलेले १५ पार्टिशनचे. एसडीए ८, ०; एसडीए१ ८, १; एसडीबी ८, १६. मग ८, १७ दिसलं तर सोळाने भागा: भागाकार १ म्हणजे दुसरी डिस्क, बाकी १ म्हणजे पहिलं पार्टिशन, एसडीबी१. मायनर एकूण २५६ होते, म्हणून एका मेजरमध्ये १६ डिस्क बसत. पुढे ६५ ते ७१ आणि १२८ ते १३५ हेही मेजर याच ड्रायव्हरला दिले. असे सोळा मेजर, २५६ डिस्क. जुन्या आयडीई डिस्कला, म्हणजे एचडीएला, ६४ मायनर मिळत, ६३ पार्टिशन चालत. त्याच डिस्क नव्या लिबएटीए ड्रायव्हरकडे येऊन एसडीए झाल्या तेव्हा १५ पेक्षा जास्त पार्टिशन केलेल्यांची पुढची पार्टिशन दिसेनाशी झाली. डिस्क तीच, मजकूर तोच, पोटहिस्से मोजायची पद्धत बदलली.

२००८ मध्ये कर्नेल २.६.२८ ने यावर तोड काढली. ब्लॉक मेजर २५९ हा सर्वांसाठी सामाईक ठेवला आणि ज्याला स्वतःच्या पट्ट्यात जागा पुरत नाही त्याने तिथून पुढचा मोकळा मायनर उचलायचा. आजच्या एनव्हीएमई डिस्क (नव्या प्रकारच्या वेगवान एसएसडी) पूर्णपणे याच २५९ वर राहतात. डिस्कची यादी दाखवणारी ‘एलएसबीएलके’ आज्ञा करून ‘मेज:मिन’ या रकान्यात बघा. तिथे सोळाचा हिशेब लावायला जाऊ नका. २५९ मधला मायनर हा आल्या क्रमाने दिलेला टोकन आहे, त्यावरून डिस्क कितवी आणि पार्टिशन कितवं हे काढता येत नाही.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी पडलेलो आहे. ‘स्टॅट -सी’ मध्ये ‘%टी’ दिलं की मेजर मिळतो, पण सोळाच्या पायात लिहिलेला. २५९ चा तिथे १०३ होतो. स्क्रिप्ट (आज्ञांची फाईल) लिहिताना तो दशमान समजून तुलना केली तर ८ पर्यंत सगळं बरोबर चालतं, कारण ८ दोन्हीकडे ८ च असतो, आणि एनव्हीएमई असलेलं पहिलं मशीन आलं की स्क्रिप्ट चुकीची डिस्क निवडते किंवा काहीच निवडत नाही.

आता ही २५६ ची मर्यादा आली कुठून. बेल लॅब्समध्ये १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीत मेजर-मायनर नव्हते, डिव्हाइससाठी सुरुवातीचे ठरावीक आयनोड क्रमांकच राखून ठेवले होते. पुढे १६ बिटांचा एक शब्द घेऊन त्याचे दोन भाग केले: वरचे आठ बिट मेजर, खालचे आठ मायनर. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या कर्नेलमध्ये दोन सारण्या होत्या, एक ब्लॉकची, एक कॅरॅक्टरची, आणि मेजर म्हणजे त्या सारणीतला निव्वळ ओळ क्रमांक. शोध वगैरे काही नाही, सरळ त्या ओळीवर उडी. पीडीपी-११ सारख्या लहान मशीनवर त्यापेक्षा चांगली युक्ती सुचणं अवघड. मला आजही ती रचना सुंदर वाटते. इतक्या कमी सामानात ‘सगळं काही फाईल’ ही कल्पना उभी राहिली, हे विसरता कामा नये.

लिनक्सने १९९१ पासून हेच १६ बिट चालवले. कुठला मेजर कुणाचा, याची यादी पुढे लनाना या नावाखाली ठेवली जाऊ लागली. तीच आज कर्नेलच्या कागदपत्रांत डिव्हायसेस या मजकूर-फाईलमध्ये आहे आणि तुमच्या पुस्तकातले २४० ते २५४ तिथूनच आलेले आहेत. २५५ मेजर संपत आले. डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नेलमध्ये क्रमांक ३२ बिटांचा झाला: मेजरला १२ बिट, मायनरला २०. म्हणजे ४,०९६ मेजर आणि प्रत्येकात १०,४८,५७६ मायनर. तेव्हापासून २५७ वी डिस्क, एसडीआयडब्ल्यू, हिला नवा मेजर लागत नाही. तिचा क्रमांक ८, २५६.

मात्र डिस्कवर आधीच लिहिलेल्या लाखो जुन्या चिठ्ठ्यांचं काय? यावरचं उत्तर मला फार आवडतं. नव्या ३२ बिटांत मायनरचे खालचे आठ बिट होते तिथेच ठेवले, मेजर त्यांच्यावर होता तिथेच ठेवला, आणि मायनरचे वाढीव बारा बिट मेजरच्याही वर नेऊन ठेवले. ८, १७ घ्या. जुन्या हिशेबाने ८ गुणिले २५६ अधिक १७ म्हणजे २,०६५. नव्या हिशेबानेही २,०६५. लहान क्रमांकांच्या बाबतीत काहीच बदललं नाही. ८, ३०० घेतला तर त्यातले ४४ खाली, ८ मध्ये आणि उरलेला एक वरच्या टोकाला जातो. संख्या होते १०,५०,६६८. एक्स्ट २ च्या घराण्यातल्या फाईल सिस्टिम तर आणखी जपून वागतात. क्रमांक जुन्या मापात बसत असेल तर तो आयनोडच्या पहिल्या खणात जुन्याच पद्धतीने लिहितात. बसत नसेल तर पहिला खण शून्य ठेवून दुसऱ्यात नव्या पद्धतीने. कर्नेलच्या आतमध्ये मात्र मेजर सरळ वीस बिट डावीकडे सरकवलेला असतो. म्हणून ड्रायव्हरमध्ये हाताने बिट सरकवू नका, मेजर, मायनर आणि एमकेडेव्ह हे तीन मॅक्रो त्यासाठीच आहेत.

आता तिसरा प्रश्न, आकडा सगळीकडे सारखा का नाही. काही आकडे सारखेच आहेत आणि राहतील: १, ३ हा नल, ५, ० हा टीटीवाय, ८, ० ही पहिली एसडी डिस्क. पण नवीन ड्रायव्हर येतच राहिले, यूएसबीमुळे डिव्हाइस चालू मशीनवर येऊ-जाऊ लागले, आणि आधीच सगळ्यांना नंबर वाटून ठेवणं अशक्य झालं. जुन्या काळी ‘मेकडेव्ह’ नावाची स्क्रिप्ट /डेव्ह मध्ये हजारो चिठ्ठ्या लिहून ठेवायची, यंत्रात ते डिव्हाइस असो वा नसो. मग २००० मध्ये डेव्हएफएस आलं, जे ड्रायव्हर नोंदला की कर्नेलच्या आतूनच फाईल उभी करायचं. ते २००६ मध्ये २.६.१८ पासून काढून टाकलं. त्याच्या जागी २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी सुरू केलेलं, कर्नेलबाहेर चालणारं यूडेव्ह आलं होतं. आज चालतं ते असं: ड्रायव्हर कर्नेलकडे क्रमांक मागतो, कर्नेल मोकळा देतो, डिव्हाइसची नोंद /सिस मध्ये होते आणि तिथल्या ‘डेव्ह’ नावाच्या फाईलमध्ये क्रमांक लिहिला जातो. डेव्हटीएमपीएफएस, जे २००९ च्या २.६.३२ पासून आहे, तो क्रमांक वापरून /डेव्ह मध्ये चिठ्ठी लिहितं. यूडेव्ह त्यावर परवानग्या बसवतं आणि ओळखीची टोपणनावं जोडतं. उलटा शोध घ्यायचा असेल तर /सिस/डेव्ह/ब्लॉक/८:० आणि /सिस/डेव्ह/चार/१:३ अशा वाटा आहेत, क्रमांकावरून थेट डिव्हाइसच्या नोंदीपर्यंत नेणाऱ्या.

या सगळ्याचा परिणाम असा की आजचा मेजर-मायनर बहुतेक डिव्हाइसच्या बाबतीत या बूटपुरता पत्ता आहे. त्यावर ओळख म्हणून भरवसा ठेवला की काय होतं, ते एकदा अंगावर घेतलेलं सांगतो.

एका ग्राहकाकडे फाईल सर्व्हर होता. एलव्हीएमवर, म्हणजे डिस्कचे हवे तसे आभासी भाग (व्हॉल्यूम) पाडणाऱ्या व्यवस्थेवर, दोन-तीन व्हॉल्यूम, रोज रात्री ग्नू टार या प्रोग्रॅमने वाढीव बॅकअप. म्हणजे काल नंतर बदललेल्याच फायली घ्यायच्या. रोज काही गीगाबाइट व्हायचे. एका रविवारी आम्ही नवीन डिस्क बसवल्या, एक नवा व्हॉल्यूम केला, मशीन रीबूट केलं, सगळं तपासून घरी आलो. सोमवारी सकाळी बॅकअपची डिस्क शंभर टक्के भरलेली आणि बॅकअप अर्धवट. टारने एकूण एक फाईल पुन्हा घेतली होती. फायलींच्या तारखा बघितल्या, बदललेल्या नव्हत्या. घड्याळ बरोबर. परवानग्या बरोबर. दुपारपर्यंत काही सुचेना.

शेवटी टारची स्नॅपशॉट फाईल उघडली, जिच्यात तो प्रत्येक फोल्डरची नोंद ठेवतो. प्रत्येक फोल्डरपाशी एकच आकडा पुन्हा पुन्हा दिसत होता: ६४७७०. मग त्याच फोल्डरवर ‘स्टॅट’ चालवलं. ‘डिव्हाइस’ पुढे ६४७७१. क्षणभर बघत बसलो, मग कागदावर भागाकार केला. ६४७७० म्हणजे २५३ गुणिले २५६ अधिक २. ६४७७१ म्हणजे अधिक ३. २५३ हा त्या मशीनवर डिव्हाइस मॅपरला, म्हणजे एलव्हीएमखालच्या ड्रायव्हरला, मिळालेला मेजर. नवा व्हॉल्यूम बूटच्या वेळी आधी जागा झाला, त्याने मायनर २ घेतला, आणि आमचा जुना व्हॉल्यूम ३ वर सरकला. टारच्या दृष्टीने जुना प्रदेशच नाहीसा झाला होता आणि त्याच नावाने एक पूर्ण नवीन फाईल सिस्टिम आली होती. म्हणून त्याने इमानदारीने सगळं घेतलं. टारला ‘नो-चेक-डिव्हाइस’ असा पर्याय आहे, नेमका याच कारणासाठी. तो त्या दिवशी लावला, तो आजवर माझ्या प्रत्येक बॅकअप स्क्रिप्टमध्ये आहे.

इथे एक भेद सांगायला हवा, कारण दोन आकडे एकमेकांत मिसळतात. स्टॅटमधला ‘डिव्हाइस’ सांगतो की ही फाईल कुठल्या फाईल सिस्टिमवर राहते. ‘डिव्हाइस टाइप’ फक्त डिव्हाइस फायलींना असतो आणि चिठ्ठीवर काय लिहिलंय ते सांगतो. विहीर फाईलचा पहिला आकडा तुमच्या रूट पार्टिशनचा, दुसरा १, ३. आणि ज्या फाईल सिस्टिमच्या मागे कुठलीच डिस्क नाही, जसं टीएमपीएफएस किंवा प्रॉक, तिला कर्नेल मेजर शून्य आणि पुढचा मोकळा मायनर देऊन टाकतो. तोही त्या बूटपुरता.

नेटवर्कवर फाईल सिस्टिम वाटणाऱ्या एनएफएस सर्व्हरवर हाच आजार ‘स्टेल फाईल हँडल’ या नावाने दिसतो. ओळख डिव्हाइस क्रमांकावर बेतलेली असेल आणि रीबूटनंतर तो सरकला तर क्लायंटकडची सगळी हँडल (सर्व्हरने दिलेल्या फायलींच्या ओळखखुणा) शिळी होतात. तिथे उपाय ‘एफएसआयडी’, म्हणजे फाईल सिस्टिमची ओळख, स्पष्ट लिहिणं. /एटीसी/एफएसटॅब या माउंटच्या यादीत यूयूआयडी, म्हणजे फाईल सिस्टिममध्येच लिहिलेली कायमची ओळख, लिहायची ती यासाठीच. दोन यूएसबी-सीरियल केबल लावून टीटीवाययूएसबी० आणि टीटीवाययूएसबी१ यांवर विसंबणाऱ्यांनी /डेव्ह/सीरियल/बाय-आयडी खालची नावं वापरावीत. ती केबलच्या स्वतःच्या सीरियल नंबरावरून येतात, कोण आधी जागं झालं त्यावरून नाही.

शून्य, शून्य या क्रमांकाची मात्र एक वेगळीच नोकरी आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. कंटेनरच्या (एकाच कर्नेलवर वेगवेगळ्या डब्यांत चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) जगात ओव्हरले फाईल सिस्टिम वापरतात: खाली न बदलणारे थर, वर लिहिता येणारा थर. वरून एखादी फाईल पुसली तर खालच्या थरातून ती खरोखर पुसता येत नाही. मग वरच्या थरात त्याच नावाची कॅरॅक्टर डिव्हाइस फाईल ठेवतात, क्रमांक ०, ०. कुठल्याच ड्रायव्हरचा नसलेला हा क्रमांक ‘इथली फाईल पुसली आहे असं समजा’ याची खूण म्हणून वापरला जातो. वरच्या थराचं फोल्डर उघडून ‘एलएस -एल’ केलंत की या खुणा दिसतील.

फ्रीबीएसडीने दुसरी वाट धरली. त्यांनी २००३ च्या ५.० पासून डेव्हएफएसवर पूर्ण भिस्त ठेवली. तिथे साध्या फाईल सिस्टिमवर एमकेनॉडने चिठ्ठी लिहिली तर ती डिव्हाइस उघडण्याच्या कामी येत नाही. विहिरीचा प्रयोग तिथे फसेल. कागदावर ती रचना जास्त स्वच्छ आहे, हे मी मान्य करतो. तरीही लिनक्सवर जुनी चिठ्ठी आजही चालते, याची मला किंमत वाटते. रूट पार्टिशन नीट उठत नसताना अर्धवट /डेव्ह मध्ये बसून हाताने एक एमकेनॉड करून काम निभावलेलं आहे.

आता तुमचा ड्रायव्हर. २४० काढून टाका. त्याऐवजी ‘ॲलॉक_सीएचआरडेव्ह_रीजन’ला एक मायनर मागा. ते मोकळा मेजर शोधून देईल. २५४ ते २३४ हा पट्टा भरला असेल तर नवे कर्नेल ५११ ते ३८४ मध्येही बघतात. मग ‘सीडेव्ह_इनिट’ आणि ‘सीडेव्ह_ॲड’, त्यानंतर ‘क्लास_क्रिएट’ आणि ‘डिव्हाइस_क्रिएट’. शेवटच्या दोघांमुळे /डेव्ह मधली फाईल आपोआप येईल, एमकेनॉड लागणारच नाही. ‘क्लास_क्रिएट’ला ६.४ कर्नेलपासून एकच आर्ग्युमेंट असतं; जुन्या धड्यांत दोन दिसतील आणि कंपाइल होणार नाही, तेव्हा लॅबचं कर्नेल कुठलं ते आधी ‘यूनेम -आर’ने बघा. एकच फाईल हवी असेल आणि मेजर अडवून ठेवायचा नसेल तर ‘मिस्क_रजिस्टर’ वापरा, मायनरच्या जागी ‘मिस्क_डायनॅमिक_मायनर’. सगळी छोटी डिव्हाइस मेजर १० खाली एकत्र नांदतात, आणि कॉलेजच्या प्रकल्पाला ते पुरेसं आहे. मोड्यूल उतरवताना घेतलेलं सगळं उलट्या क्रमाने परत करा. क्रमांक परत करायचा राहिला तर पुढच्या वेळी तुम्हीच तुमच्या वाटेत उभे असाल आणि मशीन रीबूट करेपर्यंत सुटका नाही.

बदल करण्याआधी लॅबच्या मशीनवर एवढं करून बघा: ‘ग्रेप २४० /प्रॉक/डिव्हायसेस’. तिथे ज्या ड्रायव्हरचं नाव येईल त्याच्या नावाने तुमच्या लॅपटॉपवरही तीच फाईल शोधा. बहुधा तो तिथेही असेल, वेगळ्या आकड्यावर.